हेन्रिक लार्सन : स्कॉटलंडमधले गोल मोजायचे की नाही?

पेठकर

स्वीडनच्या इब्राहिमोविचच्या धाग्यावर गाडी त्याच देशाचा जुना फॉरवर्ड लार्सन याच्यावर घसरली आणि मूळ विषय बाजूला पडला, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. तिथे रात्रपाळी यांनी लिहिलं होतं की लार्सनचे बहुतेक गोल स्कॉटिश लीगमधले आहेत, तेव्हा ते अर्धेच धरावेत. मला हे अजिबात पटलेलं नाही. का पटलं नाही ते सविस्तर लिहितो.

ज्यांनी त्याला खेळताना पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. जन्म २० सप्टेंबर १९७१, हेल्सिंगबोर्ग. दक्षिण स्वीडनमधलं बंदराचं शहर, सामुद्रधुनीपलीकडे लगेच डेन्मार्क. वडील केप व्हर्दचे, आई स्वीडिश, आडनाव आईचं. होगाबोर्ग या गावातल्याच छोट्या क्लबातून सुरुवात. १९९२ मध्ये तो हेल्सिंगबोर्ग आयएफमध्ये आला तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत अडकला होता. त्या हंगामात याने ३४ गोल ठोकले आणि क्लब २४ वर्षांनी वरच्या श्रेणीत परतला. पुढच्या वर्षी हॉलंडमधल्या फायनूर्टने त्याला नेलं. तिथे चार हंगाम काढले, दोनदा डच कप जिंकला, पण आज एका जागी तर उद्या दुसऱ्या जागी असं खेळवल्यामुळे बस्तान नीट बसलं नाही. शेवटी करारातल्या एका कलमावरून क्लबाशी वाजलं आणि १९९७ च्या उन्हाळ्यात ग्लासगोच्या सेल्टिकने त्याला अवघ्या साडेसहा लाख पौंडांत उचललं. प्रशिक्षक होते विम यान्सन, त्यांनी त्याला हॉलंडमध्ये खेळताना पाहिलं होतं.

सेल्टिकमधली सात वर्षं : ३१५ सामने, २४२ गोल. क्लबाच्या इतिहासात त्याच्या पुढे फक्त जिमी मॅकग्रोरी आणि बॉबी लेनॉक्स. चार लीग विजेतेपदं. २०००-०१ च्या एका हंगामात सगळ्या स्पर्धा मिळून ५३ गोल, त्यातले ३५ लीगमध्ये.

आता मुद्दा. त्या ३५ गोलांवर त्याला युरोपियन गोल्डन शू मिळाला, म्हणजे युरोपातल्या लीगमधल्या सर्वोत्तम गोलवीराचा पुरस्कार. हा पुरस्कार देताना लीगच्या ताकदीप्रमाणे गुणक लावतात. इटली, स्पेन, इंग्लंडमधल्या गोलाला २ गुण, स्कॉटलंडमधल्याला दीड. म्हणजे रात्रपाळी म्हणतात तशी कपात आधीच झालेली होती. लार्सनचे ३५ गोल, ५२.५ गुण. इटलीतल्या लाझिओच्या क्रेस्पोचे २६ गोल, ५२ गुण. सेरी आ ही इटलीची लीग तेव्हा जगातली सगळ्यात कडक लीग मानली जायची, आणि तिथल्या अव्वल गोलवीराच्याही पुढे हा गडी कपातीनंतर अर्ध्या गुणाने राहिला.

आणखी किती कापायचं?

रात्रपाळी

पेठकर, वेगळा धागा काढलात हे बरं केलंत. पण गुणक ही कागदावरची सोय आहे. सेल्टिक आणि रेंजर्स सोडले तर बाकीच्या संघांचं बजेट या दोघांच्या जवळपासही नव्हतं. हंगामातले बहुतेक सामने अशा बचावफळ्यांविरुद्ध, ज्यांना सेरी आमध्ये जागा मिळाली नसती.

दुसरी बाजूही बघा. फायनूर्टमध्ये चार हंगामांत लीगचे २६ गोल. बार्सिलोनात दोन वर्षांत लीगचे १३, आणि बऱ्याचदा तो बाकावरून आला. म्हणजे मोठ्या लीगमध्ये आकडे साधारण आणि स्कॉटलंडमध्ये डोंगर. हा फरक नजरेआड कसा करायचा? मला लार्सन आवडतो. पण जागतिक दर्जाच्या पंगतीत बसवताना पुरावा मोठ्या मैदानावरचाच लागतो.

क्लाइडकाठ

मी ग्लासगोत राहते, म्हणून इथली बाजू मांडते. सेल्टिकचे गोल कुठल्या दडपणाखाली झाले हे लक्षात घेतल्याशिवाय ते मोजता येणार नाहीत.

सेल्टिक हा शहराच्या पूर्वेकडच्या गरीब आयरिश कॅथलिक वस्तीतून उभा राहिलेला क्लब. १८८७ मध्ये स्थापना झाली ती मुळात तिथल्या मुलांच्या जेवणासाठी पैसे उभे करायला. रेंजर्स प्रोटेस्टंटांचा. या दोघांतलं वैर आजही इथे घराघरांत आहे. सेल्टिकने १९६६ ते १९७४ सलग नऊ वेळा लीग जिंकली होती. १९९७ पर्यंत रेंजर्सनेही सलग नऊ पूर्ण केल्या. दहावी झाली असती तर सेल्टिकवाल्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या ऐकावं लागलं असतं. लार्सन आला तो नेमका त्या हंगामात.

पदार्पण हिब्सच्या मैदानावर. बाकावरून उतरला आणि त्याचा पास थेट हिब्सच्या चिक चार्नलीच्या पायात गेला, त्याने लांबून गोल मारला, सेल्टिक २-१ ने हरलं. पण हंगामाच्या शेवटच्या दिवशी, ९ मे १९९८ ला, सेंट जॉन्स्टनविरुद्ध जिंकायलाच हवं होतं. सामन्याची पहिली काही मिनिटं. लार्सनने डाव्या बाजूने बॉल आत घेतला आणि उजव्या पायाने लांबच्या कोपऱ्यात वळवला. दुसऱ्या अर्धात ब्राटबाकने दुसरा घातला. रेंजर्सची दहावी हुकली.

नंतर ऑगस्ट २००० मधला रेंजर्सविरुद्धचा ६-२. मार्टिन ओनील नुकतेच प्रशिक्षक म्हणून आले होते. अकरा मिनिटांत ३-०. पण इथले लोक सांगतात तो लार्सनचा पहिला गोल. जोडीदार फॉरवर्ड सटनने पुढे ढकललेला बॉल घेऊन तो धावत सुटला, रेंजर्सच्या कॉन्टरमनच्या दोन पायांमधून बॉल काढला, आणि गोलकीपर क्लोस पुढे येताना दिसताच पळता पळता त्याच्या डोक्यावरून अलगद उचलला. आमच्या शेजारच्या आजोबांना तो गोल कितीही वेळा सांगायला लावा, ते दरवेळी खुर्चीतून उठतातच.

इथे त्याला 'किंग ऑफ किंग्ज' म्हणतात. फक्त आकडे बघून लोक असं म्हणत नाहीत.

मडगावचा

क्लाइडकाठ ताई, तो कॉन्टरमनवाला गोल मी मुलांना दाखवतो. चौदा वर्षांखालच्या पोरांना शिकवतो मी इथे, आणि फॉरवर्डला शिकवायचं तर लार्सनइतका सोपा धडा दुसरा नाही.

रात्रपाळी दादा, तुम्ही आकडे बघताय, मी पाय बघायला सांगतो. लार्सनची उंची पाच फूट दहा इंच. सहा-सव्वासहा फुटी डिफेंडरांमध्ये हेडरने इतके गोल कसे? तो डिफेंडरच्या शर्यतीत उतरतच नाही. क्रॉस यायच्या आधी तो मुद्दाम मागच्या खांबाकडे दोन पावलं जातो, डिफेंडर त्याच्यामागे वळतो, आणि त्याचा खांदा वळला रे वळला की हा समोरून घुसतो. बॉल येईपर्यंत याची उडी झालेली असते. आमच्याकडच्या मुलांची उलटी सवय. बॉल आला की मग उडायचं. तोवर सेंटरबॅक डोक्यावर बसलेला असतो.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते २१ मे २००३ ला स्पेनमधल्या सेव्हियामध्ये, यूएफा कपच्या (युरोपातली क्लबांची दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा) फायनलला. समोर प्रशिक्षक मोरिन्योचा पोर्टो. तोच संघ पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीग ही युरोपातली सगळ्यात मोठी क्लब स्पर्धा जिंकला, तेव्हा बचाव कच्चा होता असं कोणी म्हणू नये. मध्यंतराच्या तोंडावर डेरलेने १-० केलं. विश्रांतीनंतर दोनच मिनिटांत अगाथने उजवीकडून क्रॉस टाकला. लार्सन मागच्या खांबापाशी, गोलपासून बराच दूर, आणि क्रॉस त्याच्या थोडा मागेच आला. त्या अवस्थेत त्याने मान मागे नेली आणि बॉल उलट दिशेने, गोलकीपर वीतोर बाइयाच्या वरून, लांबच्या खांबाला घासत आत पाडला. तसा हेडर मारायला मानेत जोर लागतो आणि मनात पूर्ण चित्र तयार लागतं. अलेनिचेव्हने २-१ केलं तर तीन मिनिटांत कॉर्नरवर लार्सनचा दुसरा हेडर, २-२. जादा वेळेत सेल्टिकचा बाल्दे लाल कार्ड खाऊन बाहेर गेला आणि ११५ व्या मिनिटाला डेरलेनेच सामना संपवला. ३-२.

हरलेल्या संघातला माणूस, पण फायनलमध्ये दोन गोल. त्या स्पर्धेत एकूण अकरा. वाटेत ब्लॅकबर्न, सेल्टा व्हिगो, स्टुटगार्ट, लिव्हरपूल, बोआविश्टा. उपांत्य फेरीत बोआविश्टाच्या घरी गोल करायलाच लागणार होता, सामना १-० जिंकला तो एकुलता गोलही त्याचाच. स्कॉटलंडचे गोल बाजूला ठेवा हवं तर. हे गोल कुठे ठेवणार?

शुभ्रा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे माझं लक्ष दुसरीकडेच जातं.

ऑक्टोबर १९९९, लियॉंविरुद्ध यूएफा कपचा सामना. टॅकल करताना लार्सनचा डावा पाय अडकला आणि दोन ठिकाणी मोडला. ज्यांनी तो क्षण पाहिला त्यांना नडगी मधेच वाकलेली दिसली होती. वय २८. त्या काळात असा पाय मोडलेला फॉरवर्ड परत आला तरी वेग हरवून येतो असंच गृहीत धरायचे. शिवाय मनातली भीती जात नाही. टॅकलमध्ये पाय घालताना मेंदू अर्धा सेकंद थांबतो आणि फॉरवर्डचा धंदाच त्या अर्ध्या सेकंदावर चालतो.

आठ महिन्यांत तो युरो २००० खेळला आणि इटलीविरुद्ध गोलकीपर टोल्डोला चकवून गोल केला. ज्या हंगामातल्या ५३ गोलांची इथे चर्चा चाललीय, तो या मोडलेल्या पायानंतरचा पहिला पूर्ण हंगाम आहे. मला तरी त्या आकड्यात सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

मग २००३ च्या सुरुवातीला जबडा मोडला, काही आठवड्यांत परत मैदानावर. मडगावचा यांनी सांगितलेले ते दोन हेडर त्यानंतरचे आहेत! आणि नोव्हेंबर २००४ मध्ये बार्सिलोनाकडून रेआल माद्रिदविरुद्ध खेळताना गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, तेही वयाच्या ३३ व्या वर्षी. रात्रपाळी, तुम्ही म्हणता ते बार्सिलोनातले १३ गोल याच दोन हंगामांतले, ज्यातला पहिला जवळपास सगळा वाया गेला. दुसऱ्या हंगामात लीगचे १० गोल आहेत, एटोओ आणि रोनाल्डिन्यो त्याच संघात असताना.

पेठकर

शुभ्रा, हा जबड्याचा आणि हेडरचा क्रम माझ्या डोक्यात कधी एकत्र आलाच नव्हता. छान सांगितलंत.

मोठ्या मैदानाचा पुरावा हवा होता ना? १७ मे २००६, पॅरिस, चॅम्पियन्स लीगची फायनल. बार्सिलोना विरुद्ध आर्सेनल. अठराव्या मिनिटाला आर्सेनलचा गोलकीपर लेमान लाल कार्डवर बाहेर, तरी कॅम्पबेलच्या हेडरने आर्सेनल १-० ने पुढे. एक माणूस जास्त असून बार्सिलोनाला वाट सापडत नव्हती. मेस्सी दुखापतीमुळे संघात नव्हता. ६१ व्या मिनिटाला प्रशिक्षक रायकार्डने लार्सनला उतरवलं.

७६ वं मिनिट. इनिएस्ताचा सरळ पास आला. लार्सनने बॉल थांबवलाही नाही, पायाचा नुसता स्पर्श करून एटोओच्या वाटेत सोडला, १-१. ८१ व्या मिनिटाला उजवीकडे बेलेत्ती धावत येतोय, लार्सनने बॉल घेतला, क्षणभर धरला, परत त्याच्याच पुढ्यात दिला. बेलेत्तीचा फटका अल्मुनियाच्या पायांमधून आत. २-१, कप बार्सिलोनाचा. सामन्यानंतर थिएरी आन्री पत्रकारांसमोर वैतागून बोलला की सगळे रोनाल्डिन्यो, एटोओ करतात, पण आज सामना फिरवला तो लार्सनने. हरलेल्या संघाचा कर्णधार हे म्हणतो.

वीस मिनिटांत दोन पास. स्कोअरकार्डावर त्याचं नाव गोलांपुढे नाहीच. म्हणून मला गोलांच्या मोजणीवरून त्याचं मोल ठरवणं खटकतं. सगळ्यांना तो गोल मारणारा म्हणून माहीत आहे, पण दुसऱ्याच्या पायासाठी जागा तयार करणं ही त्याची खरी ताकद होती. सेल्टिकमध्ये सटन आणि हार्टसन त्याच्या बाजूला फुलले ते उगाच नाही.

रात्रपाळी

पॅरिस आणि सेव्हिया दोन्ही मान्य. तो मोठ्या सामन्याचा खेळाडू होता याबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न मग असा की २००१ मध्ये गोल्डन शू हातात असताना तो गेला का नाही? वय २९, ऐन भरात. इंग्लंड किंवा स्पेनमध्ये चार वर्षं खेळला असता तर हा धागा काढावा लागला नसता.

क्लाइडकाठ

कारण त्याने शब्द दिला होता आणि करार पूर्ण केला. २००४ मध्ये करार संपल्यावरच गेला, तोही आधी सांगून. शेवटच्या घरच्या लीग सामन्यात डंडी युनायटेडविरुद्ध दोन गोल केले आणि मैदानावर रडला. मग डनफर्मलिनविरुद्ध स्कॉटिश कपच्या फायनलला आणखी दोन. त्याच सप्टेंबरात चॅम्पियन्स लीगमध्ये बार्सिलोनाचा शर्ट घालून सेल्टिक पार्कवर परत आला, गोल केला, आणि आनंद साजरा केला नाही. स्टेडियमने त्याही गोलाला वाईट म्हटलं नाही.

अंकुश७

पुढचंही याच स्वभावातलं आहे. बार्सिलोनाने थांब म्हटलं असताना तो २००६ मध्ये कप जिंकून हेल्सिंगबोर्गला परतला. गावच्या क्लबात शेवट करायचा हे ठरलेलं होतं. स्वीडनचा हंगाम वसंत ते शरद चालतो, त्यामुळे हिवाळा रिकामा. तेवढ्या काळासाठी, जानेवारी ते मार्च २००७, प्रशिक्षक फर्ग्युसनने त्याला मँचेस्टर युनायटेडमध्ये उसना आणला. ॲस्टन व्हिलाविरुद्ध एफए कपमध्ये पहिल्याच सामन्यात गोल, मग लीलविरुद्ध चॅम्पियन्स लीगमध्ये. १३ सामन्यांत ३ गोल, आकडे काहीच नाहीत. पण शेवटच्या सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये सगळे खेळाडू उभे राहून टाळ्या वाजवत होते, असं फर्ग्युसनने लिहून ठेवलंय. मुदत वाढव म्हणून त्याने गळ घातली, पण लार्सन ठरल्या दिवशी परत गेला. युनायटेड लीग जिंकलं. पदकासाठी तेव्हा लीगचे किमान १० सामने लागायचे, याचे ७ होते, तर त्याला खास परवानगीने पदक दिलं.

आम्ही तेव्हा हॉस्टेलच्या टीव्हीवर युनायटेड बघायचो. तरण्या रोनाल्डो-रूनीच्या मध्ये ३५ वर्षांचा हा माणूस कधीच घाईत दिसायचा नाही.

नवखा_फॅन

स्वीडनकडून कसा होता कोणी सांगेल का? मी २०१० नंतर फुटबॉल बघायला लागलो.

पेठकर

१०६ सामने, ३७ गोल. १९९४ च्या वर्ल्ड कपला तो केसांच्या जटा मिरवणारा २२ वर्षांचा पोरगा होता. डाहलिन, ब्रोलिन, केनेट अँडरसन यांच्यामागे राखीव. रुमानियाविरुद्ध उपांत्यपूर्व सामना पेनल्टींवर गेला, सडन डेथमध्ये (पहिल्या पाचांत बरोबरी झाल्यावर एकेक पेनल्टी) स्वीडनची निर्णायक पेनल्टी याने घातली आणि नंतर स्वीडनचा गोलकीपर रावेल्लीने बेलोडेडिचची अडवली. स्वीडन तिसरं आलं, त्या सामन्यात बल्गेरियाविरुद्ध याचा एक गोल.

२००२ ला नायजेरियाविरुद्ध दोन, सेनेगलविरुद्ध एक, पण गोल्डन गोलवर (जादा वेळेत पहिला गोल पडताच सामना संपायचा) स्वीडन बाहेर. लार्सनने राष्ट्रीय संघ सोडला. मग २००४ च्या युरोआधी देशभर सह्यांची मोहीम झाली, लाखाच्या वर लोकांनी सह्या केल्या, घरात मुलगाही मागे लागला आणि तो परतला. पहिल्याच सामन्यात बल्गेरियाविरुद्ध एडमनच्या क्रॉसवर आडवं झेपावून मारलेला हेडर शोधून बघ. मडगावचा यांचा सगळा धडा त्या एका गोलात आहे. २००६ ला इंग्लंडविरुद्ध शेवटच्या मिनिटाला बरोबरीचा गोल, आणि पुढच्या फेरीत जर्मनीविरुद्ध पेनल्टी वर मारली, तेही सांगायला हवं. तीन वेगवेगळ्या वर्ल्ड कपमध्ये गोल, पहिला आणि शेवटचा बारा वर्षांच्या अंतराने. युरोपची फुटबॉल संघटना यूएफाच्या पन्नाशीनिमित्त स्वीडनने आपला पन्नास वर्षांतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यालाच निवडलं होतं.

मडगावचा

थोडं अवांतर. सेल्टिकचा विषय निघालाय तर मोहम्मद सलीमचं नाव इथे यायलाच हवं. कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा विंगर, १९३६ मध्ये सेल्टिकच्या राखीव संघाकडून दोन सामने खेळला, अनवाणी पायांना पट्ट्या बांधून. युरोपातल्या क्लबाकडून खेळलेला पहिला भारतीय. आपल्याकडच्या फार कमी लोकांना माहीत आहे याचं वाईट वाटतं.

शुभ्रा

प्रशिक्षक म्हणून मात्र त्याच्या वाट्याला एक फार वाईट दिवस आला. २०१६ मध्ये तो हेल्सिंगबोर्गचाच प्रशिक्षक होता आणि मुलगा यॉर्डन त्याच संघात. हाल्मस्टाडविरुद्धचा प्लेऑफ, म्हणजे वरच्या श्रेणीत टिकण्यासाठीचा सामना, हरून क्लब खालच्या श्रेणीत गेला, आणि तोंडं झाकलेले काही 'चाहते' मैदानात घुसून यॉर्डनच्या अंगावर गेले, शर्ट ओढायला लागले. ज्या क्लबाला बापाने चोवीस वर्षांनी वर काढलं, ज्याच्यासाठी बार्सिलोना सोडलं, त्याच मैदानावर हे. मला त्या चित्रफितीचा आजही राग येतो. नंतर २०२० मध्ये प्रशिक्षक कूमनबरोबर तो सहायक म्हणून बार्सिलोनाला परतला तेव्हा बरं वाटलं.

रात्रपाळी

चर्चा आवडली. माझं मत थोडक्यात पुन्हा नोंदवतो. स्वीडनचा सर्वोत्तम फॉरवर्ड म्हणून मी अजूनही इब्राहिमोविचलाच निवडेन, ६२ आंतरराष्ट्रीय गोल आणि चार मोठ्या देशांतल्या लीगमध्ये वर्षानुवर्षं टिकाव. पण फायनलला एक माणूस निवडायचा असेल तर लार्सन. इब्राला चॅम्पियन्स लीगची फायनल कधी खेळायलाच मिळाली नाही, आणि मिळाली असती तर तो वीस मिनिटांत दोन पास देऊन गप्प घरी गेला असता असं वाटत नाही.

पेठकर

रात्रपाळी, इब्राबद्दल तुमच्याशी त्याच्या धाग्यावर भांडेन, इथे नको. नवखा_फॅन, या क्रमाने बघ : आधी सेव्हिया पूर्ण, जादा वेळेसकट. मग पॅरिसचा दुसरा अर्ध, आणि त्यात बॉल नसताना लार्सन कुठे चालतोय एवढंच बघ. रेंजर्सविरुद्धचा ६-२ शेवटी ठेव. बघून झालं की इथेच लिही, मला अगाथच्या क्रॉसवरच्या त्या हेडरबद्दल तुझं मत ऐकायचंय.